स्प्रेचा डबा आणि विमानातले सामान : एका प्रश्नाचा आढावा

डिओ, शेव्हिंग फोम, हेअर स्प्रे, गुडघेदुखीवर मारायचा स्प्रे, दम्याचा पंप. विमानाने निघालेल्या कुटुंबाच्या सामानात यातले एखाददुसरे तरी असतेच. हे डबे न्यावेत का, न्यायचे तर हातातल्या बॅगेत की चेक-इनच्या, आणि विमान वर गेल्यावर ते फुटतात का, हे प्रश्न निघायच्या आदल्या रात्री घरोघर विचारले जातात. उत्तरे मात्र बहुधा ऐकीव असतात. कोणाचा डिओ एका विमानतळावर काढून घेतलेला असतो, कोणाचा दुसरीकडे सहज गेलेला असतो, आणि त्यावरून प्रत्येक जण आपापला नियम ठरवतो. प्रत्यक्षात या विषयावर नियम बरेच तपशीलवार आहेत, त्यामागे आगीच्या चाचण्यांचे मोठे काम आहे, आणि तरीही दोन-तीन मुद्दे आजवर मिटलेले नाहीत. त्या सगळ्याची क्रमाने मांडणी करण्याचा हा प्रयत्न आहे.

डब्याच्या आत काय असते

दाबाखालच्या वायूच्या जोरावर द्रव फवारणाऱ्या डब्याचे पेटंट नॉर्वेचे अभियंते एरिक रोथेम यांनी १९२० च्या दशकात घेतले. पण त्याचा खरा प्रसार झाला दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेच्या कृषी खात्यातील लाइल गुडह्यू आणि विल्यम सलिव्हन यांनी सैनिकांना बरोबर नेता येईल असा कीटकनाशकाचा डबा तयार केला, कारण पॅसिफिकच्या बेटांवर शत्रूइतकाच मलेरियाचा डासही सैनिकांना जायबंदी करत होता. युद्धानंतर स्वस्त झडप आली, डबा हलका झाला आणि तो न्हाणीघरात, स्वयंपाकघरात, गॅरेजमध्ये पोचला.

त्या काळात आतला द्रव बाहेर ढकलायला सीएफसी गटातले वायू वापरत. ते पेटत नसत. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी हे वायू ओझोनचा थर कुरतडतात असे दाखवून दिले. १९७८ मध्ये अमेरिकेने बहुतेक स्प्रेंमध्ये त्यांच्यावर बंदी घातली, आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर जगभर ते मागे पडले. त्यांची जागा प्रोपेन, ब्युटेन आणि आयसोब्युटेन यांनी घेतली, म्हणजे आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये असतात त्याच कुळातल्या वायूंनी. ओझोनच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. विमानातल्या आगीचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र तिथून नव्याने सुरुवात करावी लागली, कारण तोवर न पेटणारा डबा आता पेटणारा झाला होता.

हा वायू डब्यात दाबाखाली द्रवरूपात राहतो, आणि थोडा द्रवही बाहेर आला की त्याचा भरपूर वायू होतो. डब्यात ६० ग्रॅम ब्युटेन आहे असे धरले, तर खोलीच्या तापमानाला त्याचा सुमारे २५ लिटर वायू होतो. हवेत ब्युटेनचे प्रमाण १.८ टक्के झाले की ते मिश्रण ठिणगीने पेटू शकते. या हिशेबाने एक डबा पूर्ण गळला तर दीड घनमीटरच्या आसपासची बंदिस्त हवा पेटण्याजोगी होते. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. डबा लहान दिसतो म्हणून तो किरकोळ ठरत नाही, हे या आकड्यांवरून लक्षात यावे.

सगळेच डबे मात्र असे नसतात. काहींत नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड असतो, तो पेटत नाही. दम्याच्या पंपांत आजवर प्रामुख्याने १३४ए नावाचा वायू वापरला गेला, तोही पेटत नाही. आपल्याकडे 'बिना गॅस'चा म्हणून विकला जाणारा बॉडी स्प्रे ही आणखी वेगळी गोष्ट. त्यात दाबाखालचा वायू नसतो, बोटाने दाबायचा पंप असतो. पण आतला द्रव बराचसा अल्कोहोलच असतो, आणि अल्कोहोल पेटते. गॅस नाही म्हणजे आगीचा धोका नाही, असा अर्थ काढणे चूक आहे.

नियम कसे घडत गेले

विमानातल्या धोकादायक मालाचे आजचे नियम अपघातांच्या पाठोपाठ आले. ३ नोव्हेंबर १९७३ रोजी पॅन अ‍ॅमचे एक मालवाहू बोइंग ७०७ बोस्टनला उतरताना कोसळले आणि तिघा कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला. विमानात नीट न बांधलेले नायट्रिक आम्ल होते. त्यानंतर अमेरिकेत कडक कायदा झाला. १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, धोकादायक मालासाठी स्वतंत्र परिशिष्ट स्वीकारले. त्याखालील तांत्रिक सूचना दर दोन वर्षांनी सुधारून निघतात आणि भारतासह बहुतेक देश त्याच पाळतात. प्रवाशांनी काय न्यावे याची यादी याच सूचनांमध्ये आहे. विमान कंपन्यांच्या काउंटरवर चिकटवलेले फलक तिचेच सोपे रूप असते.

दुसरा मोठा टप्पा ११ मे १९९६ चा. व्हॅल्युजेट कंपनीचे विमान फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळून ११० जण मृत्युमुखी पडले. पुढच्या सामानकक्षात ऑक्सिजन तयार करणारी रासायनिक उपकरणे ठेवलेली होती. त्या काळी अनेक विमानांच्या सामानकक्षात ना धुराची सूचना देणारे यंत्र असे, ना आग विझवायची सोय. कक्ष हवाबंद आहे, प्राणवायू संपला की आग आपोआप विझेल, या विश्वासावर काम चाले. इथे मालच प्राणवायू पुरवत होता. त्यानंतर अमेरिकेने प्रवासी विमानांच्या अशा कक्षांत धूरसूचक आणि अग्निशामक यंत्रणा सक्तीची केली आणि मार्च २००१ पर्यंत ती बसवून घेतली. आज आपण चेक-इन केलेली बॅग ज्या कक्षात जाते तिथे हॅलॉन वायूची टाकी जोडलेली असते, त्यामागे त्या ११० माणसांचे मरण आहे.

तिसरा टप्पा ऑगस्ट २००६ चा, आणि त्याचा संबंध आगीशी नाही, घातपाताशी आहे. लंडनहून अटलांटिकपार जाणाऱ्या विमानांत द्रवरूप स्फोटके नेण्याचा कट उघडकीस आला. त्यानंतर केबिनमध्ये १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटल्यांना बंदी आली, आणि द्रव, जेल व स्प्रे एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत ठेवण्याची पद्धत सुरू झाली. या नियमाचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. मोठा स्प्रेचा डबा त्यामुळे केबिनमधून उठून विमानाच्या पोटात गेला. सुरक्षा तपासणीच्या दृष्टीने तो बरोबर जागी गेला, पण आगीच्या दृष्टीने तीच जागा योग्य आहे का, हा प्रश्न त्या घाईत कोणी विचारला नव्हता.

आजचा नियम

आयकाओच्या सूचनांनुसार औषधी आणि प्रसाधनाचे स्प्रे केबिन आणि चेक-इन अशा दोन्ही सामानांत चालतात. एका डब्यात अर्धा किलो किंवा अर्धा लिटरपेक्षा जास्त माल नसावा, आणि एका प्रवाशाकडे असे सगळे मिळून दोन किलो किंवा दोन लिटरपेक्षा जास्त नसावे. या दोन लिटरांत परफ्यूम आणि कोलोनसुद्धा धरले जाते. झडपेवर टोपण हवे किंवा ती चुकून दाबली जाणार नाही अशी अन्य सोय हवी. आंतरराष्ट्रीय विमानाच्या केबिनमध्ये नेताना यावर सहसा १०० मिलिलिटरचा नियम वेगळा लागू होतो.

खेळासाठी किंवा घरगुती वापरासाठीचे स्प्रे चेक-इनमध्ये चालतात, पण ते न पेटणाऱ्या आणि विषारी नसलेल्या गटातले असतील तरच. म्हणून रंगाचा स्प्रे, गंज सोडवायचा स्प्रे, झुरळे मारायचा स्प्रे हे कुठेच चालत नाहीत. अंगाला लावायचे डासरोधक मात्र प्रसाधनात धरले जाते आणि चालते.

सह्याद्रीत भटकून हिमालयाकडे वळणाऱ्या आपल्या ट्रेकर मंडळींनी दोन गोष्टी वेगळ्या लक्षात ठेवायला हव्यात. स्टोव्हला लावायचा गॅसचा डबा कोणत्याही सामानात चालत नाही, भरलेला नाही आणि अर्धवट वापरलेलाही नाही. लेहला जाताना हौसेने घेतलेला ऑक्सिजनचा डबाही टोपण लावून बॅगेत टाकता येत नाही. वैद्यकीय गरज असेल तर विमान कंपनीची आधी परवानगी लागते. तो तिथे पोचल्यावर घेणेच शहाणपणाचे.

मिरीचा स्प्रे हा देशागणिक बदलणाऱ्या नियमाचा नमुना आहे. आंतरराष्ट्रीय नियम तो पूर्ण नाकारतो, भारतातही तो केबिनमध्ये वा चेक-इनमध्ये नेता येत नाही. अमेरिकेत मात्र ११८ मिलिलिटरपर्यंतचा एक डबा, तो चुकून सुटणार नाही अशी सोय असेल तर, चेक-इनमध्ये चालतो. पुण्या-मुंबईत एकट्याने कामावर जाणाऱ्या कितीतरी मुलींच्या पर्समध्ये तो कायम असतो आणि विमानतळावर तो गमवावा लागतो. त्यांची अडचण खरी आहे. पण बंद केबिनमध्ये तो सुटला तर वैमानिकासह कोणालाच बाहेर जायला वाट नसते, हे कारणही तितकेच खरे आहे.

उंचीची भीती आणि उष्णतेचा धोका

हवेचा दाब कमी झाल्यावर डबा फुटेल, ही सर्वांत पसरलेली भीती. इथे शास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे आणि त्यावर जाणकारांत मतभेद नाहीत. प्रवासी जेट विमानात केबिन आणि सामानकक्ष दोन्हींत हवा भरलेली असते. दाब फार तर समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांशापर्यंत, म्हणजे ८,००० फुटांवरच्या हवेइतका उतरतो. याचा अर्थ डब्याच्या भिंतीवर पाव बारइतका जादा ताण येतो. समजा, विमानातली सगळी हवा गेली, तरी हा जादा ताण एक बारच्या वर जाऊच शकत नाही.

आता उष्णतेकडे पाहू. आयसोब्युटेनचा दाब २० अंश सेल्सिअसला सुमारे ३ बार असतो, ५० अंशांना तो ७ बारच्या जवळ जातो. प्रोपेनचा दाब २० अंशांना सुमारे ८ आणि ५० अंशांना सुमारे १७ बार. नुसत्या तापमानाने पडणारा फरक उंचीच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे. म्हणूनच डब्यांची चाचणी उंचीची नसते, उष्णतेची असते. युरोपच्या नियमात ५० अंशांना जितका दाब होईल त्याच्या दीडपट दाब डब्याने सोसावा लागतो, आणि कारखान्यात भरलेले डबे गरम पाण्याच्या हौदातून काढून तपासण्याची पद्धत आहे. डब्यावर '५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नये' असे छापलेले असते ते यासाठी.

मग लोकांच्या बॅगेत गळती होते ती कशाची? ती बहुधा शाम्पूच्या, तेलाच्या, पंपाच्या बाटल्यांची असते. त्यांत द्रवाच्या वर हवा असते, वर गेल्यावर ती फुगते आणि द्रव बाहेर लोटते. त्या अनुभवावरून लोक स्प्रेच्या डब्याविषयी अनुमान काढतात आणि भीती पक्की होते.

उलट, खरा धोका प्रवास सुरू होण्याआधी असतो. मे महिन्यात नागपूर किंवा अकोल्याला पारा ४५ च्या पुढे जातो. अशा उन्हात बंद उभ्या गाडीच्या डिकीत तापमान ५० अंश सहज ओलांडते. विमानतळाकडे जाताना वाटेत जेवायला थांबलेल्या गाडीतली बॅग विमानातल्या बॅगेपेक्षा जास्त तापते. डब्याचे आत दबलेले बूड बाहेर फुगून आले असेल तर तो जास्त तापला आहे असे समजून टाकून द्यावा.

शेजारी काय ठेवले आहे

या विषयातली सर्वांत महत्त्वाची चाचणी २०१७ मध्ये पुढे आली. ती करण्यामागे एक ताणही होता. त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेने मध्यपूर्वेतल्या व आसपासच्या दहा विमानतळांवरून येणाऱ्या प्रवाशांना लॅपटॉप केबिनमध्ये आणायला मनाई केली होती, बॉम्बच्या भीतीने. लॅपटॉप विमानाच्या पोटात जाऊ लागले. आगीच्या तज्ज्ञांना हे धोक्याचे वाटले, कारण लिथियम बॅटरी तापून पेटली तर केबिनमध्ये निदान माणसे ती पाहतात आणि विझवतात. ती मनाई काही महिन्यांत उठली, पण प्रश्न शिल्लक राहिला.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, पूर्ण चार्ज केलेला लॅपटॉप सूटकेसमध्ये ठेवून त्याची बॅटरी मुद्दाम तापवण्याच्या दहा चाचण्या केल्या. त्यातल्या एकीत लॅपटॉपला ड्राय शाम्पूचा आठ औंसांचा डबा बांधला होता. आग जवळजवळ लगेच लागली, झपाट्याने वाढली, आणि ४० सेकंदांच्या आत डब्याचा स्फोट झाला. नेलपॉलिश रिमूव्हर, हँड सॅनिटायझर आणि अल्कोहोल ठेवून केलेल्या चाचण्यांत मोठ्या आगी लागल्या, पण स्फोट झाला नाही.

हे ४० सेकंद नीट समजून घ्यायला हवेत. सामानकक्षातल्या धूरसूचकाने आग लागल्यापासून एका मिनिटात वैमानिकाला सूचना द्यावी, अशी विमानाच्या आराखड्याची अट असते. त्यानंतर वैमानिक हॅलॉन सोडतो, आणि तो कक्षभर पसरायला आणखी वेळ लागतो. म्हणजे यंत्रणेने आपले काम अगदी वेळेत केले, तरीही डबा तिच्या आधी फुटलेला असू शकतो. स्फोट विमानाचे धड फोडण्याइतका जबर नसला तरी सामानकक्षाची भिंत फाटून हॅलॉन बाहेर जाऊ शकेल, आणि मग साधी आगही आटोक्यात राहणार नाही, असे एफएएचे म्हणणे होते. लॅपटॉपसारखी मोठी उपकरणे चेक-इन सामानात बंद करावीत असा प्रस्ताव त्यांनी आयकाओच्या धोकादायक माल समितीपुढे ठेवला. युरोपची विमान सुरक्षा संस्था, एअरबस आणि वैमानिकांचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांची त्याला सहमती होती. तरी सरसकट बंदी आली नाही. लॅपटॉप शक्यतो केबिनमध्ये न्यावा, चेक-इनमध्ये असेल तर पूर्ण बंद करावा, त्याला धक्का लागू नये आणि तो चुकून सुरू होऊ नये अशी बांधणी करावी, इथवर नियम आला.

स्प्रेविषयीचा नियम त्यानंतरही होता तसाच राहिला. लॅपटॉप आणि डिओ एकाच बॅगेत असू नयेत, असे प्रवाशाला ठामपणे सांगणारी ओळ नियमात सहसा सापडत नाही. माझ्या मते आजच्या नियमातली ही सर्वांत मोठी फट आहे.

वेगवेगळ्या भूमिका

या वादात मोटामोटी चार मते दिसतात.

पहिले मत आहे तो नियम पुरेसा आहे असे मानते. ज्या अपघातांतून हे नियम घडले त्यांत नायट्रिक आम्ल आहे, ऑक्सिजनची उपकरणे आहेत, मालवाहू विमानांतल्या लिथियम बॅटऱ्या आहेत, पण प्रवाशाच्या डिओचा डबा मूळ कारण म्हणून नाही. रोज लाखो माणसे असे डबे घेऊन उडतात. डब्यावर उष्णतेची चाचणी झालेली असते, टोपण असते, मर्यादा असते. शिवाय माणसाच्या रोजच्या गरजेच्या वस्तूंवर बंदी घातली की ती लपवून नेली जाते, आणि लपवलेला डबा घोषित डब्यापेक्षा वाईट. हा शेवटचा मुद्दा मला वजनदार वाटतो.

दुसरे मत कडक नियमाचे. अपघात झालेला नाही हा पुरावा अपुरा आहे, असे हे लोक म्हणतात. त्यांचा हिशेब असा : माणशी दोन लिटरची मुभा आहे, १८० प्रवाशांचे विमान घेतले तर कागदोपत्री ३६० लिटर होतात. इतके कधी प्रत्यक्षात जात नसेल, पण नियम ते रोखत नाही. पूर्वी डब्याच्या शेजारी कपडे आणि पुस्तके असत, आता प्रत्येक बॅगेत दोन-चार बॅटऱ्या असतात. न पेटणाऱ्या वायूच्या डब्यांची मर्यादा वेगळी आणि पेटणाऱ्यांची वेगळी व खूप कमी असावी, अशी त्यांची मागणी असते.

तिसरे मत वर्गीकरणावर आक्षेप घेते. आजचा नियम वस्तू कशासाठी आहे ते पाहतो, तिच्यात काय आहे ते पाहत नाही. हेअर स्प्रेत आणि रंगाच्या स्प्रेत एकच पेटणारा वायू असू शकतो. एक चालतो, दुसरा नाही. विमानातला कीटकनाशकाचा स्प्रे याच पंक्तीतला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत जाताना केबिनमध्ये कर्मचारी डासांवर स्प्रे मारतात तेव्हा तो विमान कंपनीचा साहित्यभाग असतो, म्हणून चालतो. प्रवाशाच्या बॅगेतला झुरळांचा स्प्रे चालत नाही. या वर्गीकरणाला रसायनशास्त्राचा आधार कमी आणि व्यवहाराचा जास्त आहे, हे मान्य करायला हवे. प्रवासात डिओ लागतो, रंगाचा स्प्रे लागत नाही, एवढाच त्यामागचा विचार आहे. पण काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला काही क्षणांत निर्णय घ्यायचा असतो, तेव्हा वापरावरून ओळखणे सोपे जाते, हेही खरे.

चौथे मत वस्तूच बदला असे सांगते. डब्यात पिशवी बसवून तिच्याभोवती नायट्रोजन किंवा साधी दाबलेली हवा भरण्याचे तंत्र प्रचलित आहे. औषधांच्या आणि काही प्रसाधनांच्या स्प्रेंत ते वापरले जाते. ते महाग पडते आणि फवारा ब्युटेनइतका कोरडा पडत नाही, म्हणून डिओच्या बाजारात त्याची वाढ मंद आहे.

हॅलॉन संपल्यावर काय

सामानकक्षातला हॅलॉन १३०१ हा आगीवर फार प्रभावी वायू आहे. सुरुवातीला कक्षात त्याचे प्रमाण ५ टक्के करून नंतर ते ३ टक्क्यांवर टिकवले की आग विमान उतरेपर्यंत दबून राहते. कक्षात तो आधीच पसरलेला असेल तर स्प्रेचा डबा फुटूनही वायू पेटत नाही. पण हॅलॉनही ओझोन खातो. विकसित देशांत १९९४ च्या आरंभीच त्याचे उत्पादन थांबले. विमाने तेव्हापासून जुन्या साठ्यावर आणि शुद्ध करून परत वापरलेल्या हॅलॉनवर चालली आहेत. नव्या आराखड्याच्या विमानांनी सामानकक्षासाठी पर्याय शोधावा अशी मुदत आयकाओने २०२४ ची ठेवली होती.

पर्याय इतकी वर्षे का रखडला याच्या उत्तरात आपला स्प्रेचा डबाच आडवा येतो. नव्या अग्निशामकाला एफएएच्या चार कसोट्यांतून जावे लागते : सुट्या सामानाची आग, पेटीबंद सामानाची आग, पृष्ठभागावर पेटलेले द्रव, आणि एरोसोलच्या डब्याचा स्फोट. न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीजवळच्या त्यांच्या प्रयोगशाळेत प्रोपेन, अल्कोहोल आणि पाण्याचे मिश्रण तापवून एकदम सोडणारे उपकरण त्यासाठी बनवले आहे. काही पर्यायी रसायने पहिल्या कसोट्यांत चांगली ठरली, पण चौथीत अनपेक्षित वागली. त्यांचे प्रमाण पुरेसे नसेल तर स्फोट दबण्याऐवजी त्याचा दाब वाढला. २००४ मध्ये एफएएने दोन रसायनांच्या बाबतीत हे प्रसिद्ध केले. म्हणजे विझवायला सोडलेला वायूच इंधनाला हातभार लावू शकतो. आग विझवण्याच्या शास्त्रात इतका धडा देणारे निष्कर्ष कमी असतील. पुढच्या पिढीच्या विमानात कोणता वायू असेल, हे ठरवताना प्रवाशांच्या बॅगेतला डिओ अजूनही निर्णायक आहे.

याच्या जोडीला वायूंचा आणखी एक बदल येऊ घातला आहे. दम्याच्या पंपातला १३४ए हवामानाला तापवतो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनंतर असे वायू कमी करायचे आहेत. त्याला पर्याय म्हणून पुढे आलेल्यांपैकी १५२ए पेटतो, १२३४झेडई साध्या तापमानाला पेटत नाही. पंपात वायू फार थोडा असतो आणि रुग्णाने तो कायम जवळच ठेवला पाहिजे, त्यात शंका नाही. पण ओझोनच्या वेळी घडले तेच पुन्हा घडते आहे : पर्यावरणाचा निर्णय एका टेबलावर होतो आणि आगीचा हिशेब दुसऱ्या टेबलावर, नंतर.

आपल्याकडची स्थिती

भारतात धोकादायक मालाचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय पाहते, आणि काय तपासून आत सोडायचे ते नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो ठरवतो. दोघांची दृष्टी वेगळी आहे, एकाची आगीची, दुसऱ्याची घातपाताची. प्रवाशाला मात्र दोन्हींचा निकाल एकाच रांगेत ऐकावा लागतो. देशांतर्गत विमानात पाण्याची बाटली सहसा कोणी अडवत नाही, आंतरराष्ट्रीय विमानात तीच अडवली जाते. त्यामुळे स्प्रेचा डबा कुठे चालेल याचा अंदाज अनुभवावरून बांधताच येत नाही.

२०२४ मध्ये देशांतर्गत विमानांनी १६ कोटींहून जास्त प्रवास झाले. शिर्डी, कोल्हापूर, नाशिकहूनही आता विमाने उडतात, आणि पहिल्यांदा विमानात बसणारे बरेच असतात. सुके खोबरे का चालत नाही, असे काउंटरवर कळवळून विचारणारी आजी आपण पाहिलेली असते. खोबऱ्यात तेल असते, ते साठ्यात आपोआप तापून पेटू शकते, हे तिला कोणी आधी सांगितलेले नसते. स्प्रेचेही तेच. नियमांचे फलक इंग्रजीत आणि हिंदीत दिसतात, त्यावर चित्रे असतात, पण कारण नसते. कारण कळले तर माणूस नियम पाळतो, नुसती मनाई असेल तर वाट शोधतो.

डब्यांवरच्या छपाईचीही अडचण आहे. ज्वालेचे चिन्ह आणि सूचना अगदी बारीक अक्षरांत असतात, आणि निव्वळ प्रमाण कधी मिलिलिटरमध्ये तर कधी ग्रॅममध्ये दिलेले असते. वापरलेला वायू पेटणारा आहे की नाही, हे ठळकपणे छापायला लावणे अवघड नाही.

तेव्हा जे पक्के ठरले आहे ते असे : टोपण असलेला, मर्यादेतला, न तापलेला डिओचा किंवा औषधाचा डबा उंचीमुळे फुटत नाही, आणि तो न्यायला नियमाची मुभा आहे. जे ठरायचे आहे ते असे : तो बॅटरीच्या शेजारी असेल तर काय, आणि हॅलॉननंतरच्या विमानात काय. यातला दुसरा प्रश्न आयकाओने सोडवायचा आहे. पहिला सोडवायला नियमाची वाट पाहायची गरज नाही. लॅपटॉप, पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या केबिनमध्ये घ्या. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या तर चेक-इनमध्ये चालतच नाहीत. लॅपटॉप नाइलाजाने चेक-इनमध्ये टाकावा लागलाच तर तो पूर्ण बंद करा, आणि स्प्रेचे सगळे डबे, परफ्यूम आणि सॅनिटायझर दुसऱ्या बॅगेत ठेवा. आणि विमान कंपन्यांना विनंती एवढीच, की ही सूचना तिकिटाबरोबर पाठवा, प्रवाशाच्या भाषेत, आणि सोबत तिचे कारणही लिहा.